ठाणे–नवी मुंबईच्या नवोदित लेखकांसाठी: स्पर्धा आणि साहित्य मंडळांतून घडण्याची वाट

कथा, कविता किंवा ललित लेख लिहू लागलेल्या आणि ठाणे, कळवा, ऐरोली, वाशी, नेरूळ, पनवेल या पट्ट्यात राहणाऱ्या माणसाला पुढचे पाऊल कोठे टाकावे, हे सांगणारे सहसा कोणी भेटत नाही. व्हॉट्सॲपवर रोज कुठल्या ना कुठल्या स्पर्धेचे आवाहन येते, एखाद्या मंडळाच्या कविसंमेलनाची पत्रिका हाती पडते, आणि यांपैकी काय करावे, कशापासून लांब राहावे, हे कळेपर्यंत उमेदीची काही वर्षे निघून जातात. मी या भागातील स्पर्धांत भाग घेत आले आहे आणि पुढे कथास्पर्धांच्या पहिल्या फेरीचे वाचनही केले आहे. या दोन्ही अनुभवांवरून माझे मत असे झाले आहे की, स्पर्धेचा सर्वांत मोठा उपयोग पुनर्लेखनाची सवय लागण्यासाठी होतो आणि ती सवय टिकायची असेल तर आपले लेखन ऐकणारी, त्यावर स्पष्ट बोलणारी माणसे जवळ असावी लागतात. म्हणून पुढील टप्प्यांत स्पर्धा आणि मंडळ या गोष्टी वेगळ्या न काढता एकत्रच सांगितल्या आहेत.

१. स्पर्धेकडे वळण्यापूर्वी काही लेखन पूर्ण करून ठेवा

नवोदितांच्या वह्यांत सुरुवाती पुष्कळ असतात, पूर्ण झालेले लेखन फार थोडे असते. आवाहन वाचून मग लिहायला बसणारा लेखक मुदतीच्या आदल्या रात्री पहिला खर्डाच पाठवून देतो आणि तो खर्डा वाचणाऱ्याला लगेच ओळखू येतो. त्यामुळे दोन कथा, एखादा ललित लेख आणि थोड्या कविता एवढा साठा आधी तयार असावा. पूर्ण झालेले लेखन म्हणजे लिहून झाल्यावर किमान पंधरवडाभर बाजूला ठेवलेले आणि नंतर पुन्हा पहिल्या ओळीपासून लिहिलेले लेखन, असे समजावे.

विषयाच्या निवडीबद्दल येथेच थोडे सविस्तर सांगितले पाहिजे. कोपरखैरणे किंवा घोडबंदर रस्त्यावर लहानाचे मोठे झालेले लेखकही कथा लिहायला बसले की एखाद्या काल्पनिक खेड्यात जाऊन पोहोचतात. तेथे पाटील असतो, पडका वाडा असतो, पिंपळाचा पार असतो, आणि यांपैकी काहीही लेखकाने जवळून पाहिलेले नसते. आपल्या पट्ट्यात विषयांची वाण नाही. सिडको या शासकीय महामंडळाची स्थापना १९७० मध्ये झाली आणि त्यानंतर खाडीकाठच्या गावांच्या जमिनी संपादित होऊन नवी मुंबई उभी राहिली. दिवाळे, सारसोळे, करावे येथील आगरी-कोळी घरांत त्या बदलाच्या आठवणी आजही निघतात. ठाणे-बेलापूर पट्ट्यातील कारखान्यांच्या पाळ्या, वाशीच्या बाजार समितीत पहाटे उतरणाऱ्या मालाच्या गाड्या, माथाडी कामगारांच्या वसाहती, पुनर्विकासासाठी रिकाम्या होत असलेल्या नौपाड्यातील जुन्या इमारती, यांवर येणाऱ्या कथा मला फार कमी वाचायला मिळाल्या. आगरी बोली कानात मुरलेली असेल तर संवाद त्या बोलीत लिहायला मुळीच कचरू नये. ती ऐकून-वाचून उसनी आणलेली असेल तर मात्र वापरू नये, कारण ती बोलणारा वाचक दोन वाक्यांत ते ओळखतो.

२. साधने आणि कागदपत्रे जमवा

पुढील गोष्टी एकदाच नीट तयार करून एका फोल्डरमध्ये ठेवल्या म्हणजे ऐन मुदतीच्या वेळी धावपळ होत नाही.

- युनिकोडमध्ये टंकलेखन करता येईल असा संगणक किंवा मोबाइल
- प्रत्येक लेखनाच्या दोन फाइली: एकीवर नाव-पत्ता असलेली, दुसरी पूर्णपणे बिननावाची
- ओळखपत्राची प्रत. वयोगटाच्या स्पर्धेसाठी जन्मतारखेचा पुरावा आणि विद्यार्थी असल्यास महाविद्यालयाचे बोनाफाईड
- लेखन स्वतःचे आणि अप्रकाशित असल्याचे हमीपत्र, स्वाक्षरीसह
- पन्नास-साठ शब्दांचा परिचय आणि एक छायाचित्र
- मराठी शब्दकोश आणि शुद्धलेखनाच्या नियमांची पुस्तिका
- कोणते लेखन कोठे, कधी पाठवले आणि त्याचे काय झाले, याची नोंदवही

टंकलेखनाकडे बहुतेकांचे दुर्लक्ष होते. जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉण्टमध्ये टंकलेला मजकूर आयोजकांच्या संगणकावर उघडला की जोडाक्षरे तुटतात, रफार भलत्याच अक्षरावर जातो आणि काही वेळा सगळे पानच निरर्थक चिन्हांनी भरते. युनिकोडमधील मुक्ता, मंगल किंवा राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा यांपैकी कोणताही फॉण्ट चालतो. पीडीएफ मागितली असेल तर ती तयार करून स्वतःच्या मोबाइलवर एकदा उघडून शेवटच्या पानापर्यंत पाहावी.

शुद्धलेखनाच्या बाबतीत मराठी साहित्य महामंडळाचे नियम प्रमाण मानले जातात. शासनाने १९६२ मध्ये त्यांना मान्यता दिली, १९७२ मध्ये त्यांत चार नियमांची भर पडली आणि आज ते एकूण अठरा आहेत. एवढे नियम एखाद्या रविवारी वाचून होतात. स्पर्धेच्या लेखनात सर्वाधिक चुका ऱ्हस्व-दीर्घाच्या दिसतात. शब्दाच्या शेवटी येणारा इकार दीर्घ लिहायचा, म्हणून कवी, गती, बुद्धी. पण हेच शब्द समासात किंवा 'मान'सारख्या संस्कृत प्रत्ययापूर्वी आले की मूळचा ऱ्हस्व परत येतो, म्हणून कविराज, गतिमान, बुद्धिवैभव. 'आणि' हा शब्द या नियमाला अपवाद असून त्यातील णि ऱ्हस्वच राहतो. अशा चुकांवरून कोणी चांगली कथा बाद करत नाही, परंतु गुण सारखे झाले की निर्दोष प्रत पुढे जाते.

३. आपल्या भागातील जागांची ओळख करून घ्या

ठाण्याला वाङ्मयीन परंपरा मोठी आहे. अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन येथे १९६०, १९८८ आणि २०१० अशा तीन वेळा भरले आहे. नवागताने पहिल्यांदा जावे ते १८९३ मध्ये स्थापन झालेल्या मराठी ग्रंथसंग्रहालयात. तेथे वर्गणी भरून सदस्य व्हावे आणि केवळ पुस्तके बदलून परत न येता सूचनाफलक नियमाने वाचावा, कारण व्याख्याने, पुस्तक प्रकाशने आणि स्पर्धा यांच्या सूचना अशा फलकांवर हमखास मिळतात. घंटाळीचे सहयोग मंदिर, त्याच परिसरातील आचार्य अत्रे कट्टा आणि मासुंदा तलावाकाठचे गडकरी रंगायतन ही पुढची ठिकाणे.

नवी मुंबईत वाशीचे साहित्य मंदिर सभागृह आणि विष्णुदास भावे नाट्यगृह येथे मराठी कार्यक्रम होतात. ऐरोलीच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर स्मारकातील ग्रंथालय बसून वाचायला उत्तम आहे. मधु मंगेश कर्णिक यांच्या पुढाकाराने १९९१ मध्ये सुरू झालेल्या कोकण मराठी साहित्य परिषदेचे काम शाखांमधून चालते. आपल्या सर्वांत जवळची शाखा शोधून तिच्या एखाद्या बैठकीला नुसते ऐकायला जावे.

बहुतेक कार्यक्रम शनिवारी सायंकाळी किंवा रविवारी असतात. ट्रान्स हार्बर मार्गामुळे वाशी-नेरूळहून ठाण्याला येणे सोपे झाले असले तरी रविवारी मेगाब्लॉक असण्याची शक्यता असते, म्हणून रेल्वेचे वेळापत्रक शनिवारीच पाहून ठेवावे.

४. वर्षाचे वेळापत्रक समोर ठेवा

मराठी लेखनस्पर्धांचा हंगाम बराचसा ठरलेला असतो. १४ ते २८ जानेवारी या काळात मराठी भाषा संवर्धन पंधरवडा असतो आणि २७ फेब्रुवारीला कुसुमाग्रजांच्या जन्मदिनी मराठी भाषा गौरव दिन साजरा होतो. शाळा, महाविद्यालये, बँका, महापालिका आणि गृहनिर्माण संस्था यांच्या निबंध, काव्य व वक्तृत्व स्पर्धा या दोन निमित्तांभोवती एकवटलेल्या असतात. १५ ऑक्टोबर हा वाचन प्रेरणा दिन असून त्या सुमारास ग्रंथालयांचे उपक्रम होतात.

दिवाळी अंकांचे गणित वेगळे आहे. १९०९ पासून चालत आलेली ही परंपरा आजही नव्या कथाकाराला मोठा वाचकवर्ग मिळवून देते. अंक दिवाळीत येतो म्हणून लेखक सप्टेंबरमध्ये कथा पाठवतात, तोपर्यंत बहुतेक संपादकांची निवड संपलेली असते. कथा पावसाळ्याच्या सुरुवातीला पाठवायची, म्हणजेच ती एप्रिल-मे महिन्यांत लिहून व्हायला हवी, असा हिशोब ठेवावा. अंकांच्या कथास्पर्धांच्या मुदतीही साधारणपणे पावसाळ्यातच येतात.

वर्षाला तीन किंवा चार स्पर्धा पुरेशा आहेत. प्रत्येक आवाहनाला प्रतिसाद देणारा लेखक आयोजकांनी दिलेल्या विषयांच्या मागे धावत राहतो आणि त्याचे स्वतःचे असे लेखन मागे पडते.

५. नियमावली शब्दन् शब्द वाचा

फसगत होते ती येथे, त्यामुळे हा टप्पा घाईने उरकू नये.

सर्वप्रथम हक्कांचे कलम शोधावे. 'स्पर्धेसाठी आलेल्या सर्व साहित्याचे हक्क आयोजकांकडे राहतील' असे वाक्य अनेक नियमावल्यांत सर्रास छापलेले असते. भारतात १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार लेखन होताक्षणीच त्याचा हक्क लेखकाकडे येतो, त्यासाठी नोंदणी सक्तीची नाही, आणि हा हक्क लेखकाच्या हयातीत व मृत्यूनंतर ६० वर्षे टिकतो. हक्क दुसऱ्याला द्यायचा तर ते लेखी आणि स्वाक्षरीसह व्हावे लागते. त्या लेखी करारात मुदत लिहिलेली नसेल तर ती पाच वर्षांची धरली जाते आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता हक्क धरला जातो. लेखन आपले आहे असे सांगण्याचा हक्क मात्र हस्तांतरणानंतरही लेखकाकडेच राहतो. यावरून एवढे समजून घ्यावे की, हमीपत्रावर स्वाक्षरी करताना आपण नेमके काय देत आहोत हे वाचणे अत्यावश्यक आहे. विजेती कथा एकदा छापण्याची परवानगी मागणे रास्त आहे. बक्षीस न मिळालेल्या कथांचेही सर्व हक्क मागणाऱ्या स्पर्धेत मी लेखन पाठवत नाही, आणि आपणही पाठवू नये असे मला वाटते. आयोजकांना नम्रपणे पत्र लिहून 'विजेत्या कथेच्या एका प्रकाशनापुरता हक्क' अशी दुरुस्ती सुचवता येते. छोटी मंडळे हे कलम कोठून तरी उचललेले असते म्हणूनच छापतात आणि विचारल्यावर बदलतातही.

दुसरी गोष्ट प्रवेशशुल्काची. सभागृहाचे भाडे, छपाई आणि परीक्षकांचे मानधन यांसाठी माफक शुल्क घेणे गैर नाही. शुल्क भरण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात: परीक्षकांची नावे जाहीर आहेत का, मागील वर्षाचा निकाल पाहायला मिळतो का, आणि बक्षिसाची रक्कम स्पष्ट लिहिली आहे का. याउलट, सर्व सहभागींना मोठ्या नावाचा 'राज्यस्तरीय सन्मान' जाहीर करून मग सन्मानचिन्ह, फेटा आणि प्रवेशिका यांचे पैसे मागणारे कार्यक्रम असतात. प्रातिनिधिक संग्रहात कविता छापू, त्यासाठी दहा प्रती विकत घ्या, असा प्रस्तावही येतो. अशा ठिकाणी कोणी आपले लेखन निवडलेले नसते, आणि निवड झाल्याखेरीज लेखकाला आपली जागा कळत नाही. त्या पैशांतून ग्रंथालयाची वर्गणी भरावी.

'अप्रकाशित' या अटीचा अर्थही नीट पाहावा. फेसबुकवर टाकलेली किंवा समूहांत फिरलेली कविता अनेक आयोजक प्रकाशित मानतात. स्पर्धेला पाठवायचे लेखन निकालापर्यंत समाजमाध्यमांवर टाकू नये आणि तेच लेखन एकाच वेळी दोन ठिकाणी पाठवू नये. दोन्ही ठिकाणी निवड झाली तर एका ठिकाणी माघार घ्यावी लागते आणि या भागातील मंडळे एकमेकांना चांगली ओळखतात.

बाकीच्या अटी किरकोळ वाटतात, पण त्यांवरच सर्वाधिक लेखन बाद होते. बिननावाची प्रत मागितली असताना शीर्षकाखाली नाव राहणे, दीड हजार शब्दांच्या मर्यादेत सतराशे शब्द पाठवणे, पाकीट टपालात टाकण्याची तारीख आणि पोहोचण्याची तारीख यांत गल्लत होणे, ही नेहमीची कारणे आहेत. फाइलीला नाव देताना 'कथा अंतिम नवीन' असे न देता शीर्षकाचेच नाव द्यावे.

६. वाचणाऱ्याच्या टेबलाचा विचार करून पहिले पान लिहा

पहिल्या फेरीचे वाचन कसे होते ते सांगते, म्हणजे पुढचे सोपे जाईल. वाचणाऱ्यासमोर कथांचा गठ्ठा असतो, तो नोकरी-घर सांभाळून रात्री वाचत असतो आणि प्रत्येक कथा प्रामाणिकपणे शेवटपर्यंत वाचण्याची त्याची इच्छा असते. तरीही पहिल्या पानावरच त्याचे मत बनू लागते. येणाऱ्या कथांची सुरुवात बहुधा अशी असते:

'पहाट झाली होती. पूर्व दिशेला तांबडे फुटले होते. पक्ष्यांचा किलबिलाट सुरू झाला होता. सुमनला आज लवकर जाग आली होती, कारण आज तिच्या आयुष्यातला अत्यंत महत्त्वाचा दिवस होता.'

या चार वाक्यांत चूक काहीच नाही, पण ती कोणत्याही सुमनची असू शकतात. हीच सुरुवात अशी करून पाहा:

'सुमनने कपाटातली फाइल पुन्हा उघडली. सातबाराचा उतारा होता, वडिलांच्या मृत्यूचा दाखला होता. दादाच्या सहीचा कागद मात्र नव्हता.'

आता जमीन आहे, मृत्यू आहे, भाऊ आहे आणि त्याने सही केली की नाही हा प्रश्न आहे. दिवस महत्त्वाचा असल्याचे वेगळे सांगावे लागत नाही. 'दादा' या एका संबोधनाने बहीण धाकटी असल्याचेही कळले. पहाटेचे वर्णन हवेच असेल तर ते पुढे, ती घराबाहेर पडेल तेव्हा येऊ शकते. असे पुनर्लेखन करताना एक कसोटी लावावी: पहिल्या परिच्छेदातील कोणते वाक्य दुसऱ्या कोणाच्याही कथेत जसेच्या तसे चालेल? ते वाक्य काढावे.

सुरुवातीइतकाच शेवटही सांभाळावा लागतो. पुष्कळ कथा शेवटच्या अर्ध्या पानात अपघात, अचानक आलेले पत्र किंवा उघड उपदेश यांवर संपतात. सुमनच्या कथेत दादा सही करतो किंवा करत नाही, आणि जे करतो त्याचे कारण आधीच्या पानांत कोठेतरी दिसलेले असले पाहिजे. तो अचानक अपघातात गेला तर वाचकाने आतापर्यंत धरलेला प्रश्न वाऱ्यावर सुटतो.

कवितेसाठी एवढेच सांगेन की, विषय दिलेला असेल तर त्या विषयाचा शब्द कवितेत वारंवार आणण्याचे टाळावे. 'पाऊस' या विषयावर आलेल्या कवितांत पाऊस हा शब्द सर्वांत कमी वेळा वापरणारी कविता बहुधा अधिक विचारपूर्वक लिहिलेली असते.

पाठवण्यापूर्वी संपूर्ण लेखन एकदा मोठ्याने वाचावे. डोळ्यांना न दिसलेली अडखळ जिभेला लागते.

७. निकालानंतरचे पंधरा दिवस वाया घालवू नका

निकाल लागला की जिंकलेला लेखक अभिनंदनात आणि न जिंकलेला नाराजीत गुंततो. दोघांचेही खरे काम याच वेळी असते. पारितोषिक वितरणाला बक्षीस नसले तरी अवश्य जावे, कारण परीक्षकांचे मनोगत तेथे ऐकायला मिळते आणि कार्यक्रमानंतर चहाच्या वेळी त्यांच्याशी बोलता येते. 'माझ्या कथेला बक्षीस का नाही?' असे विचारल्यास कोणीही अवघडून जाते. 'कथेचा कोणता भाग आपल्याला लांबलेला वाटला?' असे विचारावे, म्हणजे उपयोगी उत्तर मिळते.

त्यानंतर विजेत्या कथा मिळवून वाचाव्यात आणि आपली कथा पुन्हा लिहावी. स्पर्धेत मागे राहिलेली कथा दुरुस्त होऊन पुढच्या वर्षी दिवाळी अंकात येऊ शकते. परीक्षकांची आवड भिन्न असते, म्हणून एका निकालावरून कथा फाडून टाकू नये. तीच त्रुटी दोन वेगवेगळ्या वाचकांनी सांगितली तर मात्र ती मान्य करून कामाला लागावे. हे सगळे नोंदवहीत लिहून ठेवावे.

८. कट्ट्यावर वाचा आणि लहान वाचनगट जमवा

खुल्या काव्यवाचनात नवोदिताला दोन-चार मिनिटे मिळतात. त्या वेळात एकच कविता वाचावी, ती कशी सुचली याची प्रस्तावना करू नये आणि आपले वाचन झाल्यावर उठून जाऊ नये. शेवटपर्यंत बसून इतरांचे ऐकणाऱ्यांची नावे आयोजकांच्या लक्षात राहतात, आणि त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणती ओळ श्रोत्यांपर्यंत पोहोचली आणि कोणती नाही, हे दुसऱ्यांच्या कविता ऐकतानाच जास्त स्पष्टपणे कळते.

मोठ्या मंचावर दाद मिळते, चिकित्सा मिळत नाही. त्यासाठी पाच-सहा जणांचा गट लागतो. महिन्यातून एकदा, गृहनिर्माण संस्थेचे कार्यालय, कोणाचे तरी घर किंवा उद्यानातील बाक, अशी कोणतीही शांत जागा पुरते. प्रत्येक वेळी दोघांचेच लेखन घ्यावे आणि ते आदल्या आठवड्यात सर्वांना पाठवावे. चर्चा सुरू असताना लेखकाने बोलायचे नाही, हा नियम पहिल्या दिवसापासून पाळावा. नेरूळच्या एका गटात एका तरुणाने आजीवरची कथा वाचली. वाचून झाल्यावर गटातील एका काकूंनी विचारले, 'अहो, आजी सुरुवातीला गॅलरीत बसल्या होत्या ना? मग फोडणीचा खमंग वास आला आणि त्या तिथेच बसून राहिल्या? माझी आई असती तर उठून आधी गॅस बघितला असता.' तरुण समजावून सांगू लागला, आजींना गुडघ्यांमुळे उठता येत नाही वगैरे. गट चालवणारे सर म्हणाले, 'हे कथेत कुठे आले आहे?' ते कोठेच आले नव्हते. पुढच्या खर्ड्यात आजीच्या खुर्चीशेजारी काठी आली, वास आल्यावर तिचा हात काठीकडे गेला आणि परत मांडीवर आला, आणि कथेतील सर्वांत चांगली जागा तीच ठरली.

अभिप्राय देतानाही शिस्त हवी. 'छान आहे', 'भावले' यांवर थांबू नये. कोणत्या वाक्यापाशी आपण थांबलो, कोठे गोंधळलो, कोठे पुढे वाचावेसे वाटले, हे पान दाखवून सांगावे. दुसऱ्याची कथा कशी लिहायला हवी होती, हे सांगू नये. गटात वयाने मोठी मंडळी असतील तर त्यांच्या लेखनावर बोलायला तरुणांना संकोच वाटतो, म्हणून बोलण्याची सुरुवात दर वेळी सर्वांत लहान सदस्यापासून करावी.

९. मंडळाच्या कामात हातभार लावा

खुर्च्या मांडणे, नावनोंदणी करणे, वृत्तान्त लिहिणे ही कामे नवागताला सहज मिळतात. यांपैकी वृत्तान्ताचे काम आवर्जून मागून घ्यावे. दोन तासांचे व्याख्यान तीनशे शब्दांत, वक्त्याच्या म्हणण्याचा विपर्यास न करता लिहिणे हा गद्यलेखनाचा उत्तम सराव आहे. संधी मिळाल्यास एखाद्या शालेय स्पर्धेच्या प्राथमिक छाननीतही बसावे. गठ्ठ्यातील विसावा निबंध वाचताना आपल्याच लेखनातील सवयी दिसू लागतात. मंडळ म्हटले की गटबाजीही आलीच. तिच्यात न पडता काम करणाऱ्या माणसांची सर्वांनाच गरज असते.

१०. पहिल्या पुस्तकाची वेळ आल्यावर

काही कथा स्पर्धांतून आणि अंकांतून आल्या, गटात तपासून झाल्या, म्हणजे संग्रहाचा विचार करावा. ज्यांचे एकही पुस्तक प्रकाशित झालेले नाही अशा लेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना आहे. मंडळ अर्ज मागवते तेव्हा हस्तलिखित तयार असावे लागते, म्हणून ते आधीच टंकून, तपासून ठेवावे. राज्य शासनाच्या वाङ्मय पुरस्कारांत प्रथम प्रकाशनासाठी स्वतंत्र विभाग आहेत. साहित्य अकादमीचा युवा पुरस्कार २०११ पासून दिला जातो. तो ३५ वर्षांपर्यंतच्या लेखकांच्या प्रकाशित पुस्तकासाठी असून त्याची रक्कम ५०,००० रुपये आहे.

स्वतः पैसे घालून पुस्तक काढण्यात कमीपणा नाही, मात्र करार लेखी हवा. किती प्रती छापणार, किंमत किती, लेखकाला किती प्रती व किती मानधन, हक्क किती वर्षांसाठी, आणि प्रती संपल्यावर ठरावीक काळात दुसरी आवृत्ती न काढल्यास हक्क परत येणार का, एवढ्या बाबी त्यात स्पष्ट असाव्यात. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाच्या ओळखीच्या आंतरराष्ट्रीय क्रमांकासाठी वेगळे पैसे मागितले गेले तर कारण विचारावे, कारण भारतात हा क्रमांक राजा राममोहन रॉय राष्ट्रीय आयएसबीएन संस्थेकडून विनामूल्य मिळतो. १९५४ च्या ग्रंथ प्रदान कायद्यानुसार प्रकाशकाने प्रकाशनानंतर ३० दिवसांच्या आत पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय आणि मुंबई, चेन्नई व दिल्ली येथील ठरवून दिलेली ग्रंथालये यांना पाठवायच्या असतात. त्या पाठवल्याची पोच प्रकाशकाकडून मागून घ्यावी आणि करारासोबत एकाच फाइलीत ठेवावी.